खालची पापणी

आमच्या तासगावच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. माणूस भेटला की नमस्कार करण्याआधी त्या त्याच्या डोळ्याखाली अंगठा टेकवून खालची पापणी ओढत. ओळख असण्याची अट नव्हती. आतली कड गुलाबी दिसली तर "ठीक", आणि फिकट दिसली तर एकच प्रश्न, "किती दिवस?"

"कशाचे किती दिवस, बाई?"

"दम लागतोय त्याचे. जिन्यात मध्येच थांबतेस त्याचे. सांग!"

सांगलीहून येणाऱ्या एस.टी.त एकदा कंडक्टर मुलीने त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे मागितले. "आधी डोळा," असे म्हणून बाईंनी तिची पापणी ओढली आणि गाडी कवलापूरच्या पुढे जाईपर्यंत तिची उलटतपासणी चालवली. मागचे प्रवासी ओरडू लागले तेव्हा बाई उभ्या राहून म्हणाल्या, "ही पोरगी उभ्याने दिवसभर तुमची तिकिटे फाडते आणि हिच्या अंगात रक्त नाही. तुम्हाला बसल्या जागी घाई कसली?" लग्नमंडपातही त्या व्यासपीठावर चढत, छायाचित्रकाराला बाजूला सारत आणि नवरीचे काजळ बिघडवत. अक्षता मात्र टाकत नसत. "तांदूळ पोटात जायची गोष्ट आहे," म्हणत.

मी त्याच महाविद्यालयात मराठी शिकवतो. बाई मला कधी नावाने हाक मारत नसत. भूगोलाच्या प्राध्यापकांना "भूगोल" आणि मला "मराठी" म्हणत. माझा स्वभाव मवाळ. कुणी पायावर पाय दिला तर मीच क्षमा मागतो, आणि पुष्कळ वर्षे याला मी सुसंस्कृतपणा समजत आलो. बाईंना हा समज सहन होत नसे.

"मराठी, तुमच्या भाषेत रक्त काय काय करतं हो? उसळतं, सळसळतं, खवळतं, आटतं. रक्ताचं नातं असतं, रक्ताचं पाणी होतं. ते काही वाहून नेतं, असं एकदा तरी म्हणालात का तुम्ही लोक?"

मी म्हणालो, तसा वाक्प्रचार आठवत नाही.

"आठवणार कसा? कामाचं कौतुक करायची सवयच नाही आपल्याला."

जेवणाच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहाची किटली यायची. बाई दारात आडव्या उभ्या राहत. "आत्ता मेथी खाल्लीत. तिच्यातलं लोखंड अजून आतड्याच्या दाराशी आहे. वरून चहा ओतलात की ते तिथेच अडलं. बायकोने पहाटे उठून मेथी निवडली ती गेली गटारात." चहावाले मामा बिचारे किटली घेऊन मैदानाला वळसा घालत आणि मागच्या खिडकीतून कप आत सरकवत. पुरुष प्राध्यापक बीट खायला लागले तर त्यावरही त्यांचा संताप. "बीट लाल म्हणून रक्त वाढतं? मग जांभळं खाऊन निळं करून घ्या." बेदाणे तर आमच्याकडे पोत्यांनी. शेडमध्ये दिवसभर बेदाणा निवडणाऱ्या बायकांना मालक जाताना मूठभर देतो आणि पुण्य पदरात पडले असे मानतो. त्या मुठीवरून बाईंनी एका व्यापाऱ्याशी भर बाजारात भांडण केले होते. "मुठीनं रक्त होत नसतं. त्यांना दुपारी बसून पोटभर जेवायला वेळ द्या."

त्यांचा तास मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकला आहे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत प्राणवायूसाठी चार जागा असतात, प्रत्येक जागेच्या मधोमध लोखंडाचा एक अणू. पहिला प्राणवायू बसायला कुरकुर करतो, पण तो बसला की पुढच्यांना जागा सोपी होते. "गर्दीच्या एस.टी.त पहिला माणूस खांदा घालून आत शिरतो, मग मागच्यांना वाट होते, तसं." मग आवाज चढायचा. "फुफ्फुसात प्राणवायू धरणं ही मोठी गोष्ट नाही. पोटरीत, मेंदूत, गर्भात जिथे त्याची गरज आहे तिथे नेऊन तो सोडणं, करामत ती आहे. जो धरतो आणि सोडतच नाही त्याला वाहक म्हणत नाहीत. साठेबाज म्हणतात." असे बोलताना त्या पुढच्या बाकावरच्या मुलांकडे अशा पाहत, की जणू त्यांच्या बापजाद्यांनी काहीतरी दाबून ठेवले आहे.

तांबडी पेशी तयार होताना आपले केंद्रक टाकून देते, म्हणजे हिमोग्लोबिन भरायला जागा व्हावी, हे मला त्यांच्याकडून कळले. आणि इतका प्राणवायू वाहून नेणारी ही पेशी स्वतः त्यातला कणभरही वापरत नाही, हेही. मी भाषेचा माणूस. मला ते फार सुंदर वाटले. महिला दिनाच्या कार्यक्रमात मी बोलायला उभा राहिलो आणि म्हणालो, "ही तांबडी पेशी म्हणजे आपली आई. सर्वांना वाढते आणि स्वतः उपाशी राहते." टाळ्या पडल्या. काही मुलींच्या डोळ्यांत पाणी आले.

बाई शेवटच्या रांगेतून उठल्या. "बसा, मराठी."

मी बसलो.

"ती पेशी आहे. तिला तोंड नाही, पोट नाही. डोकं होतं तेही टाकून दिलंय तिनं. तिला पर्याय नाही म्हणून ती खात नाही. या समोर बसलेल्या पोरींना तोंड आहे. आणि तुम्ही टाळ्या वाजवून ते बंद करताय. आई उपाशी राहते हे तुम्हाला दिसलं, आणि त्यावर तुम्ही काय केलंत? उपमा केलीत!"

सभागृह खदखदून हसले. मी घरी येऊन हात-पाय धुतले आणि पत्नीने वाढलेले जेवलो. ती नेहमीप्रमाणे उभी होती. त्या दिवशी मी तिला बस म्हणालो, आणि ती म्हणाली, "काय झालंय? बरं नाही का?"

हे सगळे मी ज्यासाठी लिहितो आहे ती गोष्ट त्यानंतरची.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी अश्विनी. तिचे लग्न मेढ्याकडच्या एका मुलाशी ठरले होते. मुलगा फौजेत, वडील सुभेदार म्हणून निवृत्त, डोंगरउतारावर भाताची खाचरे. सुपारी फुटली होती, कार्यालय ठरले होते. त्या सुमारास तासगावात कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे रक्तदान शिबिर भरले. मंडप, फलक, ध्वनिक्षेपक, आणि प्रत्येक रक्तदात्याला पाण्याचा एक जार भेट. "रक्त घेतात आणि पाणी देतात," बाई म्हणाल्या आणि मला ओढत तिथे घेऊन गेल्या.

अश्विनी मैत्रिणींबरोबर रांगेत उभी होती. टेबलावरच्या तरुणाने तिच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडला. रक्त पुरेसे दाट असेल तर थेंब बुडतो. तिचा थेंब जरासा खाली गेला, घुटमळला आणि वर आला.

"ताई, तुमचं रक्त चालत नाही. पुढचे!"

ध्वनिक्षेपक शेजारीच होता. मंडपभर ते ऐकू गेले. अश्विनीच्या मागच्या मुलीचेही तेच झाले. तिच्या मागच्या बाईचेही. पुरुष जार घेऊन बाहेर पडत होते आणि बायका बोटाला कापूस धरून, मान खाली घालून, आपल्याकडून काही अमंगळ घडल्यासारख्या कडेने निघून जात होत्या.

बाईंनी मंडपाच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि परत पाठवलेल्या प्रत्येकीला अडवले. मग उठून टेबलाशी गेल्या.

"रक्त कमी आहे हे तुम्हाला कळलं ना?"

"हो, म्हणून तर नाही म्हणतोय. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर लागतं मॅडम."

"आणि हे तिला कुणी सांगितलं? घरात चोर शिरलाय हे पोलिसाला दिसलं तर तो काय करतो? 'पुढचे' म्हणतो? तिला कमी आहे म्हणा, गोळ्या घे म्हणा. 'चालत नाही' म्हणजे काय? बंद पडलेलं घड्याळ आहे का ती?"

तरुण गोंधळला. संयोजक धावत आला. "मॅडम, साहेब यायचेत, जरा शांत..." मी तेव्हा काय केले? मी त्या संयोजकाला म्हणालो, "माफ करा हं."

दोन दिवसांनी मेढ्याहून भावाला सुभेदारांचा फोन आला. मुलाच्या मावशीचे यजमान तासगावात असतात आणि ते त्या मंडपात होते. "पाव्हनं, जरा थांबू आपन. पोरीच्या रक्तात कायतरी दोष हाय असं कानावर आलंय. पुढं पोराबाळांचा प्रश्न हाय." भावाने फोन ठेवला. अश्विनीने शेजारच्या खोलीतून सगळे ऐकले होते. ती बाहेर आली नाही. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "रक्तच द्यायला गेली होती ना पोरगी? चोरी करायला तर नव्हती गेली?"

मी बाईंना हे सांगितले तेव्हा मला वाटले, त्या ओरडतील. त्यांनी पर्स उचलली. "मेढ्याची गाडी साताऱ्याहून किती वाजता आहे?"

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलेपर्यंत भाऊ आणि मी खिडकीबाहेर पाहत बसलो. बाई बोलत होत्या, पण आमच्याशी नाही. समोरच्या बाकावरच्या एका म्हातारीची पापणी पाहून झाली होती, आणि जंताचे औषध घेतले का, यावर त्यांचा वाद चालू होता.

सुभेदारांच्या घरी पोचलो तर अंगणात मटणाचा वास. सोयरीक मोडायची असली तरी पाहुण्याला जेवल्याशिवाय पाठवायचे नाही, अशी ती माणसे. मी बसताबसता हात जोडले. "सुभेदारसाहेब, आमच्याकडून जे झालं त्याबद्दल..."

"कशाची माफी, मराठी?" बाई म्हणाल्या. "पोरीनं हात पुढे केला याची?"

सुभेदारांनी त्यांच्याकडे नव्याने पाहिले. "ह्या कोन?"

"ह्या आमच्या कॉलेजात..." मी म्हणालो.

"रक्त शिकवते," बाई म्हणाल्या.

मुलगा उंचावरच्या ठाण्यावरून सुट्टीवर आला होता. गाल लालबुंद. सुभेदार मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोराचं रक्त बघा आमच्या. तपासलं तर अठराच्या घरात निघालं. घराण्यातच हाय ते. मंग सून बी तशीच बघायला नको व्हय?"

"घराण्यात नाही, हवेत आहे. तिकडे हवा विरळ. प्राणवायू कमी मिळाला म्हणून शरीरानं वाहनं वाढवली. इथे चार महिने ठेवा, उतरतंय की नाही बघा."

मुलगा हसला. "बाबा, डॉक्टर पण असंच म्हनत होते."

"तू गप रं."

ताटे मांडली गेली. पुरुषांची चार. बाईंसाठी वेगळे, कारण त्या मांस खात नसत. आमच्या ताटांत काळीज आणि रक्ती आधी वाढली गेली. बकऱ्याचे गोठलेले रक्त कांद्यावर परतून केलेला तो मानाचा पदार्थ आहे. मानाचा म्हणजे अर्थातच पुरुषांचा. मुलाची आई डोक्यावर पदर घेऊन वाढत होती आणि स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडताना दर वेळी चौकटीला क्षणभर हात लावत होती. मला त्यात काहीच वेगळे दिसले नाही. बाईंना दिसले. त्या ताटावरून उठल्या, तिच्यासमोर गेल्या आणि अंगठा टेकवला.

"किती दिवस?"

सुभेदारांचा घास हातात राहिला. मला वाटले, आता सगळे संपले.

आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "दिस कशाचं, बाई. वरीस झाली." आणि खाली बघतच पुढे बोलत राहिली. "मागं हितं शिबिर झालं तवा मी बी गेल्ते. बोट टोचलं आन समद्या गावाम्होरं म्हनला, मावशी, तुमचं रक्त चालत न्हाई. मी कुनाला सांगितलं न्हाई. ह्यांस्नी बी न्हाई. मला वाटलं माजंच रक्त नासकं. आता सून बी तसलीच आली तर नातवंडांच्या अंगात काय जायाचं? म्हनून मीच म्हनलं, थांबा."

"आगं, मला का न्हाई सांगितलंस?" सुभेदार म्हणाले.

"काय सांगू? तुमी फौजेतलं."

बाईंचा आवाज इतका चढला, की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. पण त्या तिच्यावर ओरडत नव्हत्या, आमच्यावर ओरडत होत्या. "नासकं? अहो, कमी आहे ते, कमी! शरीराला सगळ्यात लवकर लागू पडणारं लोखंड या घरात आहे कुठे, तर या चार ताटांत! काळीज यांना, रक्ती यांना. हिला रस्सा, तोही तळाचा, आणि वर चहा. दर महिन्याला जिच्या अंगातून रक्त जातं, जिनं पोरं पोटात वाढवली, तिला तळाचा रस्सा! आणि मग हेच विचारणार, सुनेच्या रक्तात दोष आहे का?"

मी स्वतःच्या ताटाकडे पाहिले. रक्ती अर्धी संपली होती. चांगली झाली होती.

मुलगा उठला. त्याने आपले ताट आईसमोर पाटावर ठेवले. "आई, बस. तुला धाप लागायची तवा तू वय झालं म्हनायचीस."

"पाव्हन्यांच्या म्होरं मी कशी बसू?"

सुभेदार खाकरले. फौजेत असताना कदाचित याच आवाजात त्यांनी हुकूम दिले असतील. "बस म्हनतोय ना तो. आन रं ती पातेली हिकडं. समदी आना."

ती बसली. पहिला घास घेताना रडत होती आणि चिडतही होती, "समदी बघत्यात की." बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, आपला वरण-भात तिथे ओढून घेतला आणि तिला गोळ्यांचे समजावू लागल्या. चहाबरोबर नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर. महिनाभराने अंगात फरक वाटला म्हणून सोडायच्या नाहीत. गोळ्या सुरू करण्याआधी एकदा दवाखान्यात तपासून घ्यायचे, उणीव कशाची आहे ते. "आणि हे नासकं-बिसकं पुन्हा म्हणालात तर मी साताऱ्याच्या पुढच्या गाडीनं परत येईन."

निघताना आईने बाईंना उंबऱ्यात अडवले. हात पुढे केला आणि स्वतःच्या अंगठ्याने बाईंची खालची पापणी ओढली. "समद्यांचं बघता. तुमचं कोन बघतंय?" नीट वाकून पाहिले. "लालभडक हाय. लय चिडता, म्हनून."

बाई हसल्या. मी त्यांना हसताना पाहिल्याची हीच एक आठवण.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झाले. पहिल्या पंगतीत सुभेदारीणबाई आपल्या सुनेला शेजारी घेऊन बसल्या होत्या आणि वाढप्याला म्हणत होत्या, "चहा मागून. दीड तासानं."

पुढे बाई निवृत्त होऊन सांगलीला गेल्या. एकट्या राहत. मी सणावारी फोन करत असे आणि दर वेळी त्या माझ्यावर कशावरून तरी चिडत, त्यामुळे सर्व ठीक आहे असे मला वाटे. एकदा चिडल्याच नाहीत. मी दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या इस्पितळात होत्या. मूत्रपिंडे निकामी होत आली होती. रक्त बनवण्याचा हुकूम मूत्रपिंडातून निघतो आणि हाडातली मज्जा तो पाळते, हे त्यांनीच मला समजावले. उशीवरून, अगदी हळू आवाजात. "कारखाना चालू आहे, मराठी. हुकूम देणारा संपावर गेलाय." रक्त चढवायचे होते, आणि पेढीला त्याच्या बदल्यात रक्तदाते हवे होते. मला मधुमेहाचे इन्सुलिन चालू, त्यामुळे माझे घेत नव्हते.

मी भावाला फोन केला. त्याने मेढ्याला केला असावा. दुपारी सुभेदारीणबाई आल्या. बरोबर अश्विनी, तिच्या कडेवर अंगावर पिणारी मुलगी. सुभेदारीणबाई थेट पलंगाशी गेल्या आणि अंगठा टेकवला. बराच वेळ पाहत राहिल्या.

"किती दिस?"

बाईंनी तोंड भिंतीकडे वळवले. "बरेच."

"आन सांगितलं न्हाई कुनाला!"

"तुम्ही तरी कुठे सांगितलं होतं?"

"म्हनून तुमी बी तसंच करायचं व्हय? शिकलेल्या ना तुमी?" त्या खरोखर संतापल्या होत्या. शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बसला. "आमच्या घरात यून आमाला वराडलासा, आन हितं गप पडून ऱ्हाईलासा!" बाईंनी त्यांचा हात धरला होता आणि सोडला नाही.

बाई त्यानंतर आणखी काही महिने होत्या. त्या काळात आमचे भांडण दोनदा झाले, याचे मला समाधान आहे.

त्या दुपारी आम्ही खाली रक्तपेढीत गेलो. अश्विनीचे घेणार नव्हते, मूल अंगावर होते. सुभेदारीणबाईंनी बोट पुढे केले. तिथल्या तरुणाने सुई टोचली आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. थेंब सरळ तळाशी गेला.

तरुणाने मान वर न करता पुटपुटले, "चालतं. पुढचे."

"काय म्हनलास?"

"चालतं म्हटलं, मावशी. आत जा."

"मोठ्यानं सांग की रं. मागल्या येळंला लय मोठ्यानं सांगितलं हुतं."

तरुण हसला आणि पुढच्या सुईचे पाकीट फोडू लागला. त्याला काय कळणार? मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो इतक्या मोठ्याने ओरडलो, "यांचं रक्त चालतं!"

सबंध व्हरांडा वळला. औषधांच्या खिडकीवरची माणसे वळली. सुरक्षारक्षक काठी घेऊन धावत आला आणि म्हणाला, "सर, काय झालं?" मी त्याची क्षमा मागितली नाही.

रक्त देऊन सुभेदारीणबाई बाहेर आल्या तेव्हा कुणीतरी त्यांच्या हातात बिस्किटे आणि चहा दिला. त्यांनी बिस्किटे अश्विनीच्या मुलीला दिली आणि कप माझ्याकडे सरकवला.

"ह्यो तुमी घ्या," त्या म्हणाल्या. "मला वर जाऊन जेवायचंय. त्यांच्यासंगं."